डाव्या बाजूची वायर

चाकण,
४ ऑगस्ट २०२४

ती. काकांस,
सायलीचा नमस्कार.

शाळेत मुख्याध्यापकांना लिहिलेला रजेचा अर्ज सोडला तर हे माझं पहिलंच पत्र. माजलगावच्या लग्नात तुम्ही म्हणालात, "फोनवर मला बोलता येत न्हाई. मी पोस्टातला माणूस हाय, काय ते पत्रानं कळव." म्हणून वही फाडून बसले आहे. रूममधल्या मुली हसतायत.

कामाचं सांगते. 'मोरपंख ऑर्केस्ट्रा, नेकनूर' या नावानं मी फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे पेज काढलं आहे. त्यावर कीबोर्डवाल्या अबरारभाईंचा नंबर दिला आहे, कारण तुमचा बटणाचा फोन तुम्ही उचलत नाही हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. अबरारभाई गॅरेजच्या कामातून वेळ काढून माझ्याशी नीट बोलले. तुळशीच्या लग्नापर्यंत एकही लग्न मिळालं नाही तर कीबोर्ड विकून ऑर्केस्ट्रा बंद करायचा, असं त्यांनी ठरवलंय म्हणे. तुम्हाला हे माहीत आहे का? नसेल तर मी सांगितलं असं सांगू नका.

पेजसाठी मला तुमच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ पाहिजेत, जितके असतील तितके. लोक तीस सेकंद बघतात आणि पुढे सरकतात, त्या तीस सेकंदांत त्यांना थांबवायचं एवढंच माझं काम. आणि मला सांगा, जुनी गाणी गाताना तुम्हाला काय वाटतं? असं काही लिहिलं की लोक वाचतात.

पप्पांना यातलं काही माहीत नाही आणि कळूही द्यायचं नाही. बारा वर्षं झाली, आमच्या घरात तुमचं नाव निघालं की पप्पा उठून बाहेर जातात. वावराच्या वाटणीवरून काहीतरी झालं असं आई म्हणते. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच आठवतं की तुम्ही गायचात, पप्पा ढोलकी वाजवायचे आणि मी स्टेजच्या मागे गोधडीवर झोपायचे. तशी झोप मला पुन्हा कुठे लागली नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सायली


नेकनूर,
१६ ऑगस्ट २०२४

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मीच पिशवीतून काढले आणि मलाच दिले. हाताने पत्ता लिहिलेले पाकीट आले की गावात आता लोक घाबरतात, कोर्टाचे असेल म्हणून. पिशवीत सगळी आधार कार्डे, बँकेची कार्डे आणि विम्याच्या नोटिसा. तेव्हा तुझे पाकीट बघून पोस्टात सगळ्यांनी हात लावून पाहिले.

सोबत मेमरी कार्ड आहे, पत्राच्या घडीत चिकटपट्टीने लावले आहे. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडून मागून व्हिडिओ गोळा केले. फोनवरून पाठवायला ते फार मोठे आहेत असे अबरार म्हणतो.

आम्ही आता तिघे आहोत. मी गातो. अबरार कीबोर्ड वाजवतो. हनुमान पॅडवर असतो, त्याच्या पॅडमधून ढोलकी, ढोलक, टाळ्या सगळे निघते आणि मुख्य म्हणजे पॅड भांडत नाही.

गाताना काय वाटते म्हणून विचारलेस. खरे सांगायचे तर काही वाटत नाही. पत्रे वाटताना जसे वाटते तसेच. आत काय लिहिले आहे ते न बघता ज्याचे त्याला पोचवायचे. लोक माना डोलावतात, काही जण डोळे पुसतात, म्हणजे पोचत असावे. आवाज अजून जागेवर आहे. हे पेजवर लिहू नकोस.

कीबोर्ड विकायचे अबरार मला समोरच बोलला. मी बरे म्हणालो. तुझी काकू म्हणाली, "उद्या घर इकायला काढलं तरी ह्यो माणूस बरं म्हणील." तेही खरे आहे.

बंकटला कळू द्यायचे नाही हे ठीक. वावराचे काही नव्हते. पण तू त्यात पडू नयेस हे बरोबर.

तुझा काका,
उत्तरेश्वर


चाकण,
२८ ऑगस्ट २०२४

ती. काका,

आठ व्हिडिओ कापून टाकले. त्यातला एक चार हजार लोकांनी पाहिला. चार हजार म्हणजे फार नाही, पण नेकनूरच्या बाहेरचे आहेत. कमेंट वाचून दाखवते: "एक नंबर", "काका, नादखुळा", "डीजे आहे का", "ह्यांना मी ओळखतो, आमचं पत्र देतेत", "डीजे आहे का", "डीजे आहे का". बुकिंग अजून शून्य.

आता माझ्या दोन तक्रारी. रागावू नका.

पहिली, तुम्ही एकाही व्हिडिओत हसत नाही. गाणं आनंदाचं, समोर नवरदेवाचे मित्र नाचतायत आणि तुम्ही खिडकीवर तिकीट देत असल्यासारखे उभे. एक फोटो हसताना काढून अबरारभाईंकडून पाठवा.

दुसरी, ती डावीकडची जागा. मी सगळे व्हिडिओ पाहिले, सहा-सात वर्षांचे. प्रत्येकात तुमच्या डाव्या हाताला एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा रिकामी आहे. अबरारभाई उजवीकडे दाटीवाटीने, हनुमानदादांचा पॅड अर्धा पडद्याबाहेर आणि डावीकडे नुसती सतरंजी. फ्रेम फार वाईट दिसते. बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी यायचं राहिलंय. मला प्रत्येक वेळी ती बाजू कापावी लागते. तिथे नेमकं काय असतं?

सायली


नेकनूर,
८ सप्टेंबर २०२४

चि. सायलीस आशीर्वाद.

डावीकडे वायर असते. मेन लाइन तिकडून येते, कोणाचा पाय पडून शॉक लागू नये म्हणून जागा सोडतो. तू काप.

हसण्याचा प्रयत्न केला. काल गणपती बसवून झाल्यावर तुझी काकू केसरबाई अबरारचा फोन घेऊन समोर उभी राहिली. मला टोपी काढायला लावली, घालायला लावली, पुन्हा काढायला लावली. शेवटी म्हणाली, "लग्नात तरी हसला हुता का तुमी? मला आठवंना." फोटोत दात दिसले, हसू दिसले नाही. ती म्हणाली, यापेक्षा तोंड मिटलेलाच बरा. तो पाठवला आहे.

गणपतीच्या मंडळाने डीजे लावला. आपल्या घराच्या छपरावरची दोन कौले सरकली. पोरे येऊन पाया पडून गेली, "काका, पुढच्या वर्षी तुमचा प्रोग्रॅम ठेवू." गेल्या वर्षीही हेच म्हणाली होती. मी बरे म्हणालो.

तू नोकरी करून एवढे करतेस याचे मला बरे वाटायला पाहिजे. वाटत असेलही, कळत नाही.

उत्तरेश्वर


चाकण,
१८ सप्टेंबर २०२४

काका,

बुकिंग आलं. खरंखुरं लग्न आहे, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दिंद्रुडला. मोहनराव म्हणून आहेत, त्यांच्या धाकट्या मुलीचं. पेजवर तुमचा व्हिडिओ पाहून त्यांनी अबरारभाईंना फोन केला आणि अबरारभाईंनी मला जोडून घेतलं.

हे मोहनराव तुम्हाला ओळखतात. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात तुमचाच ऑर्केस्ट्रा होता म्हणाले. "तवा एक ढोलकीवाला हुता, त्यानं पंगतीला जेवू दिलं न्हाई, इतकं हसवलं. त्यो हाय का अजून?" मी म्हटलं, ते आता नसतात. ते पप्पा आहेत हे सांगितलं नाही. म्हणाले, "बरं, पण दादाचा आवाज तरी पाहिजेच. डीजे नको. धाकटी म्हणती, ताईच्या लग्नात जे हुतं तेच मलाबी पाहिजे."

काका, मी कंपनीच्या कँटीनमध्ये उठून उभी राहिले. अबरारभाई म्हणाले, एक दिंद्रुड झालं की त्या पट्ट्यातली आणखी चार लग्नं येतात. पण काकांचा होकार आल्याशिवाय शब्द देणार नाही म्हणाले. लगेच कळवा. यासाठी तरी फोन करा.

सायली


नेकनूर,
२४ सप्टेंबर २०२४

चि. सायलीस आशीर्वाद.

दिंद्रुडचे घेऊ नये. दुसरे कुठलेही चालेल.

काकूची तब्येत बरी आहे. बाकी ठीक.

उत्तरेश्वर


चाकण,
२९ सप्टेंबर २०२४

काका,

बाकी ठीक म्हणजे काय ठीक आहे?

अबरारभाई तुमच्याबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पेज बंद केलं तरी चालंल." सकाळी सहाला उठून, शिफ्टच्या आधी आणि नंतर मी हे करते. मला कोणी सांगितलं नव्हतं, हे कबूल. पण मला आता असं वाटायला लागलंय की ऑर्केस्ट्रा बंद पडावा असं तुम्हालाच वाटतं, फक्त तो दुसऱ्या कोणीतरी बंद करावा.

शेवटचा एक प्रयत्न करते आणि या वेळी विचारत नाही. घटस्थापनेला मोठी पोस्ट टाकणार आहे. काकूंनी काढलेला तुमचा तोंड मिटलेला फोटो रंगीत फार उदास दिसतो, म्हणून तो काळा-पांढरा केला, आता कसा भारदस्त दिसतो. नवरात्र आहे म्हणून भोवती झेंडूची महिरप टाकली. ऑर्केस्ट्राला यंदा तीस वर्षं झाली, म्हणून फोटोखाली मोठ्या अक्षरात '१९९४ – २०२४'. वर 'उत्तरेश्वर शिनगारे' आणि त्याखाली 'तीस वर्षे मराठवाड्याच्या मनात घर केलेला सूर'. सगळ्यात खाली 'मोरपंख परिवार, नेकनूर'. मैत्रिणींना दाखवलं. कोल्हापूरची एक जरा गप्प झाली, पण छान आहे म्हणाली.

नाही चाललं तर पेज बंद करीन.

सायली


नेकनूर,
९ ऑक्टोबर २०२४

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. एरवी हे वाक्य रीत म्हणून लिहितात. या वेळी बातमी म्हणून वाच.

गुरुवारी घटस्थापनेला मी पिशवी घेऊन सायकलवर निघालो आणि आठ-साडेआठच्या सुमाराला गावात वारलो. घरी केसरबाई घटाला माळ बांधत होती. शेजारची छबुबाई ऊर बडवत आत आली आणि तिच्या गळ्यात पडली. केसरबाईने विचारले, "काय झालं गं?" छबुबाई म्हणाली, "असं कसं गेलं गं मालक?" केसरबाई म्हणाली, "सायकलवर गेले. दुपारी येतेत की जेवायला." छबुबाईला वाटले हिच्या डोक्यावर परिणाम झाला, म्हणून ती आणखी जोरात रडली. मग आणखी सात-आठ बायका आल्या. त्यातल्या एकीने चूल विझवली. त्या चुलीवर माझ्या उपासाची साबुदाण्याची खिचडी होती.

मला हे वेशीजवळ कळले. अबरार गॅरेजचे शटर ओढून पळत येत होता. मला बघून रस्त्यातच थांबला. मला हात लावून बघितला. "काका, तुमी तर हाय की," म्हणाला. मग आम्ही पोस्टाच्या ओट्यावर बसलो आणि त्याने मला तुझी पोस्ट दाखवली. आपल्याकडे चौकाचौकात असे फोटो लागतात. काळा-पांढरा माणूस, फुले, दोन साले, खाली शोकाकुल परिवार. तुझ्यात फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचे राहिले होते, ते सहाशे चौदा लोकांनी खाली लिहिले.

अबरारने मला एकेक वाचून दाखवले. गणपती मंडळाच्या पोरांनी 'आमचे मार्गदर्शक' लिहिले होते. तीस वर्षांत ज्यांनी एकदा बोलावले नाही त्यांनी 'मराठवाड्याचा बुलंद आवाज हरपला' लिहिले होते. कोणी माझी गाणी टाकली होती. कोणी लिहिले होते की आपल्या आजीची मनीऑर्डर मी पावसात नदी ओलांडून आणून दिली होती. ते मला आठवत नाही. हे सगळे ऐकून हसू यायला हवे किंवा रडू यायला हवे हे मला कळत होते. दोन्ही आले नाही. एवढेच वाटले की लोकांना माझी बरीच माहिती आहे.

पोस्ट काढायला सांगावे म्हणून अबरारने तुला फोन लावले. तुझा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. त्यामुळे मी संध्याकाळपर्यंत मेलेलाच राहिलो. गावात फिरून तरी किती जणांना दाखवणार? मी पत्रे वाटली आणि पोस्टात जाऊन बसलो.

आता मुख्य गोष्ट.

चारच्या सुमाराला मी मान खाली घालून पिशवीचा हिशेब लावत होतो. खिडकीशी एक माणूस आला. डोके ताजे भादरलेले, कानाजवळ दोन ठिकाणी कापलेले, पायात चपला नाहीत, हातात कापडी पिशवी. तो माझ्याकडे बघत नव्हता, खाली फरशीकडे बघत होता. म्हणाला, "शिनगाऱ्याची माणसं मसनवट्यात गेली का? मला उशीर झाला का?"

मी म्हणालो, "न्हाई. उशीर न्हाई झाला."

त्याने वर पाहिले. बारा वर्षांनी. मग खिडकीचा कट्टा धरून तो हळूहळू खाली बसला, मला नुसते त्याचे डोके दिसत राहिले.

मी बाहेर जाऊन पाणी दिले. तो म्हणाला, "मग लोक कावून सांगतेत, तू गेला म्हणून?" मी म्हणालो, "पोरीनं फोटो टाकलता." "कोणाच्या पोरीनं?" "तुझ्या." मग त्याने सांगितले. सकाळी कड्याला कारखान्यावर कोणीतरी त्याला मोबाइलवर दाखवले होते. तो तसाच उठला आणि न्हाव्याकडे जाऊन बसला. न्हावी म्हणाला, केस दहाव्याला काढतात. हा म्हणाला, "दादाला लेकरू न्हाई, अग्नी मलाच द्यायचा हाय. एकदा उशीर झालाय, आता न्हाई होऊ द्यायचा." मग बीडला बस बदलून इथे आला.

मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला फक्त हे सुचत होते की न्हाव्याने कापले आहे, तिथे हळद लावायला पाहिजे.

पाचच्या गाडीने तो परत गेला. घरी चल म्हणालो तर म्हणाला, "वहिनीला हे डोकं दाखवू नगं." पिशवीतून चंदनाची काडी काढून त्याने कट्ट्यावर ठेवली. चितेवर ठेवायला आणली होती. ती न्यायला विसरला की मुद्दाम ठेवली ते माहीत नाही. गाडी गेल्यावर मी टपालावर शिक्के मारायला बसलो. थोड्या वेळाने बघितले तर एकाच पाकिटावर सात शिक्के पडले होते. असे नोकरीत कधी झाले नाही.

तू वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा काका,
उत्तरेश्वर


चाकण,
१५ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

माफी कशी मागायची तेच कळत नाही. त्या दिवशी मी डबल शिफ्टला होते. लॉकर उघडला तेव्हा आईचे सव्वीस आणि अबरारभाईंचे एकोणीस मिस्ड कॉल. पोस्ट तिथेच उभ्या उभ्या काढली. दुसऱ्या दिवशी 'उत्तरेश्वर शिनगारे ठणठणीत आहेत' अशी पोस्ट टाकली, तिला चाळीस लाइक आले. तुम्ही गेलात तेव्हा सहाशे चौदा माणसं जमली होती. मला आता त्या पेजकडे बघवत नाही.

पप्पा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. आई म्हणते, दिवसभर टोपी घालून असतात, जेवतानाही काढत नाहीत. सकाळी चपला न घालता गेले होते, रात्री तसेच अनवाणी आले आणि अंगणात पाय धुऊन झोपले. आईनं विचारलं, "भावजी कशे हायत?" तर म्हणाले, "हाय."

मोहनरावांनी अबरारभाईंना सांत्वनाचा फोन केला होता. तुम्ही आहात हे अबरारभाईंनी त्यांना सांगितलं. मग म्हणाले, "मग घ्या ना आमचं लगीन. पोरगी दुसरं कोणी ठरवू देईना." तारीख अजून मोकळी आहे. तुळशीचं लग्न महिन्यावर आलंय. अबरारभाईंकडे कीबोर्ड बघायला एक गिऱ्हाईक येऊन गेलं.

काका, दिंद्रुडला काय झालं होतं? वावराची गोष्ट मला आता खरी वाटत नाही. वावरावरून भांडलेला माणूस असा उठून डोकं भादरून येत नाही. आणि "एकदा उशीर झालाय" म्हणजे काय? आजी गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पप्पा आले तेव्हा त्यांच्या शर्टावर गुलाल होता, एवढंच मला आठवतं. गुलाल का होता, हे मी तेव्हा कोणाला विचारलं नाही.

सायली


नेकनूर,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. सायलीस आशीर्वाद.

हे पत्र दोनदा लिहून फाडले. आता जसे येईल तसे लिहितो.

मे महिना होता, २०१२. मोहनरावाच्या थोरलीचे लग्न, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आम्ही गाणी सुरू केली. दोन गाणी झाली आणि मी पाणी प्यायला मांडवाच्या मागे गेलो, तेवढ्यात केसरबाईचा फोन आला. "आत्या गेल्या," एवढेच म्हणाली. म्हणजे आमची आई. सकाळी तिने चहा घेतला होता, निघताना माझ्या कपाळाला हात लावला होता. आजारी नव्हती.

मी पडद्याच्या फटीतून पाहिले. बंकट ढोलकी ताणत होता आणि पुढे बसलेल्या पोरांना डोळा मारत होता.

तू शहरात राहतेस, तुला हे कसे वाटेल माहीत नाही. फोन आला त्या क्षणापासून आम्हाला सुतक होते. सुतकातला माणूस मांडवात चालत नाही. नवरी अजून मांडवातच होती, सासरची माणसे कडक, सकाळी मानपानावरून दोनदा रुसून झालेली. वाजवणाऱ्यांच्या घरात मयत झाले आणि ते मांडवात बसून गात होते हे तेव्हा कळले असते, तर त्या मुलीला तो अपशकुन जन्मभर पुरला असता. मोहनराव आम्हाला बोलवायला स्वतः घरी आला होता. आईच्या हातचे जेवून गेला होता. मी ठरवले, पाठवणी होईपर्यंत गप्प बसायचे. बंकटला सांगितले असते तर त्याच्या तोंडावर ते लगेच दिसले असते. त्याला काही लपवता येत नाही.

तीन तास. मी अकरा गाणी गायलो. एक सूर हलला नाही. त्याने त्या दिवशी जसे वाजवले तसे पुन्हा कोणी वाजवले नाही. पंगतीतल्या लोकांनी आग्रह केला म्हणून गळ्यात ढोलकी अडकवून तो पत्रावळींच्या मधून नाचला. नवरीच्या आजीने त्याच्यावर गुलाल टाकला. मी वर उभा राहून गात होतो आणि त्याच्याकडे बघत होतो. त्या दिवसापासून मला गाताना काही वाटत नाही. तू पहिल्या पत्रात विचारलेस, त्याचे हे उत्तर आहे.

जीपमध्ये, वडवणी ओलांडल्यावर सांगितले. घरी पोचलो. माणसे आमच्यासाठी थांबली होती, दिवस मावळायला आला होता. तेराव्यापर्यंत तो घरात होता. तेरावे झाल्यावर उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "दादा, तू मला आईच्या मढ्यावर नाचवलंस." आणि तुम्हा दोघींना घेऊन कड्याला गेला.

अबरार तेव्हा आमच्यात नव्हता, त्याला हे माहीत नाही. केसरबाईला आहे. दिंद्रुड मी का नको म्हणालो ते आता तुला कळेल.

आणखी एक. डावीकडे वायर नसते. मेन लाइन मागून येते. ती बंकटची बसायची जागा आहे. तो नसलेल्या पहिल्या कार्यक्रमाला सवयीने तेवढी सोडून बसलो, मग तसेच पडले. हनुमान दोनदा तिकडे सरकला तर मी त्याच्यावर ओरडलो. मी सहसा ओरडत नाही, म्हणून त्याने कारण विचारले. त्यालाही वायरच सांगितली.

हे पत्र बंकटला दाखव असे मी म्हणत नाही. दाखवू नकोस असेही म्हणत नाही.

काका


कडा,
११ नोव्हेंबर २०२४

दादा,

मला लिवायची सवय न्हाई. पोरगी दिवाळीला आलती. तिनं तुझं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आन सवता उठून मागल्या दारी गेली. मी जेवण झाल्यावर वाचलं. मग पोरीची आई म्हणली, पुन्यांदा वाचा, मोठ्यानं. तवा मोठ्यानं वाचलं.

तू मला सांगितलं असतंस तरी मी वाजवलं असतं. पंगत उठवून त्या लेकराचं लगीन नासवायला मी काय येडा हाय? तुला सुतक कळतं, मला न्हाई कळत? खाली मान घालून वाजवलं असतं, लोकायला वाटलं असतं रंगात आलाय. फकस्त नाचलो नसतो. आन तुला एकट्याला ते घिऊन गावं लागलं नसतं. आई दोघाची हुती. बारा वर्सं मला राग ह्याचाच हाय, की तू एकटाच रडलास. आता पत्रात कळतंय तू रडलाबी न्हाईस.

त्या दिवशी खिडकीत तुला बघितलं तवा मला आदी राग आला का बरं वाटलं ते मलाबी सांगता येत न्हाई. बसमदी बसल्यावर मातर रडलो. कंडक्टर म्हणला, कोण गेलं? मी म्हणलो, कोणीच न्हाई.

चंदन विसरलो न्हाई, ठेवलंय. ठिवून दे. ते लागायच्या वक्ताला मला माणूस धाड, मोबाइलवर नको.

केस नखभर आलेत. बोडक्या डोक्यानं लग्नाच्या मांडवात बसत न्हाईत, तुला म्या काय सांगावं. डिसेंबरपातुर भांग पडंल. अबरारला म्हणावं कीबोर्ड इकू नको. दिंद्रुडचं घे.

ढोलकीला नवं चामडं घालायला टाकलंय. डाव्या बाजूची वायर काढून ठेव.

बंकट